क्षणाचे माप



गोदाकाठच्या या पटांगणावर आमच्यासारखा युनियनचा माणूस उभा राहिला, म्हणजे तो बोनस, ग्रॅच्युइटी नाहीतर कंत्राटी कामगारांवर बोलणार, अशी आपली समजूत होणे साहजिक आहे. पण आज आम्ही एका निराळ्याच गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात व संपाच्या मांडवात झाले. तेव्हा जाणत्यांनी आमच्या चुका पदरात घ्याव्यात.

लग्नात घटिकापात्र ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. पाण्यावर तरंगणारी भोकाची वाटी बुडली की एक घटिका झाली, म्हणजे चोवीस मिनिटे. घटिकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. हिशेब केला तर एक विपळ म्हणजे सेकंदाचे ०.४. नित्याच्या व्यवहारात याहून बारीक काळाशी आपल्या पूर्वजांचे अडत नव्हते. आज आम्ही ज्या क्षणाविषयी बोलणार आहोत तो सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग आहे. त्याला पिकोसेकंद म्हणतात. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्या अवधीत तीनदशांश मिलिमीटर जातो, म्हणजे तीन-चार केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढा.

एवढ्या आखूड क्षणाचे प्रकाशाचे स्पंद निर्माण करणारे एक यंत्र आपल्यापासून फार दूर नाही. आग्रा रोडने चांदवड, मालेगाव, धुळे करीत निघावे, सेंधव्याचा घाट चढावा, आणि चारशे किलोमीटरच्या आसपास इंदूर लागते. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आणि इंदूरला त्यांची राजधानी. रस्ता जुना आहे, नातेही जुने आहे. इंदुरात होळकरांच्या सुखनिवासाच्या परिसरात १९८४ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. लेसर आणि कणत्वरक, म्हणजे विद्युत्कणांना वेग देणारी यंत्रे, या दोन कामांसाठी अणुऊर्जा खात्याने हे वेगळे घर बांधले. संस्थापक संचालक डॉ. दिलीप देविदास भवाळकर. जन्म मध्य प्रदेशातल्या सागरचा, आणि आडनाव कोणत्या मुलखातले ते आपणास सांगायला नको. २००५ पासून त्या केंद्राला डॉ. राजा रामण्णा यांचे नाव आहे. तेथे अवरक्त किरणांचा 'मुक्त इलेक्ट्रॉन लेसर' उभा राहिला. बारा-साडेबारा ते पन्नास मायक्रॉन तरंगलांबीसाठी त्याची आखणी आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातून लेसर खरोखर पेटल्याची पहिली खूण २०१६ च्या अखेरीस मिळाली.

आम्ही ती जागा आतून पाहिलेली नाही. जे सांगतो ते छापील निबंध वाचून व जाणत्यांना विचारून सांगतो. परंतु या विषयाची गोडी आम्हांला का लागली, ते सांगितल्यावाचून पुढे गेलो तर आपण म्हणाल की या गृहस्थाला हे कोणी सांगितले!

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात 'टाइम स्टडी' झाला. साहेब स्टॉपवॉच घेऊन लेथजवळ उभे राहिले. चहा आणि जेवणाची सुट्टी यांच्या मधल्या वेळात एका तरुण कामगाराचे ओळीने अकरा नग मोजले. चार मिनिटांत एक नग, सबब पाळीला एकशे दहा, असा कागद निघाला. पोरे पंच्याऐंशीच्या वर जात नव्हती. नोटिसा लागल्या, एकाला निलंबनही झाले. आम्ही कागद पुन्हा पुन्हा तपासला. गुणाकार-भागाकारात तिळमात्र चूक नव्हती. अकरा नगांची वेळही बरोबर होती. मग आम्ही तीन माणसे तीन पाळ्यांना वही देऊन बसवली. टूलला धार लावणे, क्रेनची वाट, तपासनिसाकडे खेप, सगळे मिनिटावारी लिहिले आणि ती वही घेऊन वाटाघाटीला बसलो. पण आमचे घड्याळ भिंतीवरचे. दहा सेकंदांचा फरक त्यात दिसत नव्हता, आणि साहेबांनी नेमके तेथेच बोट ठेवले. महिनाभर ओढाताण झाली. शेवटी त्यांचा हिशेब आणि आमची वही शेजारी शेजारी ठेवून दोन्हीत कोठे फट पडते ते पाहिले, तेव्हा सत्त्याऐंशीवर तोड निघाली. निलंबित माणूस कामावर आला. पण तोवर त्याच्या घरी दोन महिने चूल कशी पेटली ते आम्ही पाहिले होते. मोजणारा कोण, कशाने मोजतो आणि काय मोजायचे सोडतो, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यात बसला तो बसलाच.

या स्टॉपवॉचलाही इतिहास आहे. अमेरिकेत वॉटरटाउन येथल्या सरकारी शस्त्रागारात टेलरसाहेबांच्या पद्धतीने घड्याळ लावून मोजणी सुरू झाली, तेव्हा १९११ च्या ऑगस्टात साचेकामगार काम टाकून बाहेर पडले. प्रकरण तेथल्या काँग्रेसपर्यंत गेले, आणि १९१५ साली सैन्याच्या खर्चाच्या कायद्यात स्टॉपवॉचच्या मोजणीवर बंदीचे कलम आले. पुढची पायरी फ्रँक गिलब्रेथची. हा मूळचा गवंडी. त्याने १९१२ च्या सुमारास कामगाराचे चलच्चित्र घ्यायला आरंभ केला. चित्रात कामगाराशेजारी एक भरभर फिरणारे घड्याळ ठेवी, आणि मिनिटाचे दोन हजार भाग हे त्याचे एकक. हाताची एकेक हालचाल फिल्मवर पकडली गेली.

गंमत अशी की याच सुमारास आपल्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईत एका कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यापुढे कॅमेरा मांडून बसले होते. महिनाभराची वाढ त्यांनी मिनिटभराच्या फिल्मवर आणली. 'अंकुराची वाढ' ती हीच. ती दाखवूनच त्यांनी भांडवल उभे केले, आणि मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. गिलब्रेथने क्षण ताणून मोठा केला आणि दादासाहेबांनी महिना दाबून लहान केला. यंत्र दोघांचेही तेच.

पण या सगळ्या मोजण्यांमागे एक नियम दडलेला आहे. धावत्या घोड्याचे चित्र स्वच्छ यायचे तर कॅमेऱ्याची झडप घोड्याच्या पावलापेक्षा झटपट उघडून मिटली पाहिजे. मोजण्याचे साधन मोजायच्या वस्तूपेक्षा बारीक हवे. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोने कोण तोलतो? आता विचार असा की, प्रकाशाचा एक स्पंदच जर मनुष्याने केलेल्या सर्वांत आखूड गोष्टींपैकी असला, तर त्याहून आखूड झडप आणायची कोठून?

पॅरिसमध्ये १८९९ साली अब्राहम आणि लेमोआन या दोघांनी याचे उत्तर दाखवून ठेवले होते. विजेच्या दाबाखाली काही द्रवांतून जाणाऱ्या प्रकाशावर परिणाम होतो. दाब काढला की तो किती वेळात नाहीसा होतो, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी युक्ती अशी केली की ज्या ठिणगीने विजेचा दाब उतरायचा, तिचाच उजेड आरशांवरून लांबचा फेरा घालून त्या द्रवातून न्यायचा. फेरा एक मीटर वाढवला की उजेड सेकंदाचे सव्वातीन अब्जांश उशिरा पोचतो. म्हणजे घड्याळाचे काम मीटरच्या पट्टीने केले. काळाचे माप अंतराने घेतले, आणि घटनेला तिच्याच ठिणगीने प्रश्न विचारला. ही कल्पना पुढे सदुसष्ट-अडुसष्ट वर्षे टिकून राहिली.

आता तो लेसरच काय ते पाहू. साध्या लेसरमध्ये प्रकाश अणूंत बांधलेल्या इलेक्ट्रॉनांपासून निघतो. त्यामुळे प्रत्येक पदार्थाचा रंग ठरलेला. मुक्त इलेक्ट्रॉन लेसरमध्ये इलेक्ट्रॉन अणूच्या बाहेर मोकळे असतात. त्यांना प्रकाशाच्या जवळपास वेग देऊन चुंबकांच्या माळेतून नेतात. माळेत उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे चुंबक आलटून पालटून बसवलेले, म्हणून इलेक्ट्रॉन नागमोडी जातो आणि प्रत्येक वळणावर प्रकाश सोडतो. हान्स मोट्झ याने १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये या माळेचे गणित मांडले व १९५३ पर्यंत ती करून दाखवली. चुंबकाचा एक फेर पाच सेंटिमीटरचा असला तरी निघणारी लहर काही मायक्रॉनांची असते, कारण वेगवान इलेक्ट्रॉनाच्या पुढे प्रकाशाची लहर चेपली जाते. वीस दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असली तर ती तीन हजार पटींहूनही अधिक चेपते. चुंबकाच्या बळाने तीत थोडी वाढ होते, आणि ऊर्जा कमी-जास्त केली की रंग बदलतो. पिळणाऱ्या खुंटीने तंबोरा लावावा तसे.

पण नुसता प्रकाश निघाला म्हणजे लेसर होत नाही. एका पुंजात काहीशे कोटी इलेक्ट्रॉन असतात, आणि जो तो आपल्या तालात वळतो. भालेकर मैदानावर मोर्चा जमतो तेव्हा आधी नुसती कुजबूज असते. हजार माणसे बोलत असली तरी शालिमारला काही ऐकू जात नाही. एक घोषणा ताल धरून उठली की चौक दणाणतो. इलेक्ट्रॉनांचा हिशेब याहून पक्का आहे. विस्कळीत हजारांचा प्रकाश एकाच्या हजारपट, आणि एका तालातल्या हजारांचा एकाच्या दहा लाखपट. इलेक्ट्रॉनांना ताल कोण देतो? तर त्यांनीच आधी सोडलेला प्रकाश. तो आरशांमध्ये अडकवून पुन्हा पुन्हा नव्या पुंजांवर आणला की पुंजात लहरीएवढ्या अंतराच्या चकत्या पडतात, आणि चकत्या एका तालात प्रकाश देतात.

जॉन मेडी याने १९७१ साली हे कागदावर सिद्ध केले. १९७६ साली स्टॅनफर्डमध्ये त्याच्या मंडळींनी बाहेरून आणलेला १०.६ मायक्रॉनचा प्रकाश सुमारे सात टक्के वाढवून दाखवला, आणि १९७७ साली ३.४ मायक्रॉनवर यंत्र स्वतः पेटले. या मेडीचे पुढे ड्यूक विद्यापीठाशी बिनसले. आपल्या पेटंटची उपकरणे आपण गेल्यावर विद्यापीठाने वापरली म्हणून त्याने दावा लावला, आणि २००२ साली वरच्या न्यायालयाने संशोधनाच्या नावाखाली पेटंटातून सूट मिळते या विद्यापीठाच्या बचावाला कात्री लावली. हत्यार कारागिराचे की कारखान्याचे, हा तंटा तेथेही चुकत नाही!

आता मुख्य गुंतागुंत. इलेक्ट्रॉन नागमोडी जातो, प्रकाश सरळ जातो, म्हणून दर वळणाला प्रकाश इलेक्ट्रॉनाच्या एक लहर पुढे सरकतो. पन्नास वळणे आणि तीस मायक्रॉनची लहर धरली तर माळ संपेपर्यंत प्रकाश दीड मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे पाच पिकोसेकंद. पुंजाची लांबीच दहा पिकोसेकंदांची असली तर हे सरकणे मुळीच किरकोळ नव्हे. शिवाय ताल लगेच धरत नाही, तो माळेच्या शेवटाशेवटाला धरतो. निवृत्तिनाथांची दिंडी त्र्यंबकहून निघाली आहे आणि शेजारून सायकलस्वारांची एक रांग तिला मागे टाकत चालली आहे अशी कल्पना करा. दिंडी मुकाट चालते, आणि गाव संपता संपता अभंग उठतो. तोवर पुढचे सायकलस्वार निघून गेलेले असतात. अभंग ऐकतात ते रांगेच्या शेपटीचे. तसेच येथे. प्रकाशस्पंदाची शेपटी जाडजूड होते, डोके तसेच राहते. परिणामी स्पंदाचा मध्य प्रत्येक फेरीत किंचित मागे सरकतो, आणि प्रकाश जणू प्रकाशाहून मंद चालला आहे असे दिसते. म्हणून आरशांतले अंतर इलेक्ट्रॉनांच्या वेळापत्रकाहून किंचित आखूड ठेवावे लागते. कित्येक मीटरांच्या जागेत काही मायक्रॉनांनी. तेवढे केले नाही तर फेरीगणिक स्पंद मागे पडत जातो आणि दिवा विझतो.

हे सगळे डोळ्यांना दिसत नाही, आणि कागद-पेन्सिलीने सुटतही नाही. म्हणून संगणक आला. स्पंदाचे व पुंजाचे बारीक तुकडे पाडायचे, हजारो नमुना-इलेक्ट्रॉन घ्यायचे, वळणावळणाला कोण पुढे सरकले ते मांडायचे, आणि असे शेकडो फेरे चालवायचे. अमेरिकेत कोल्सन, इटलीत दात्तोली इत्यादींनी १९८० च्या आगेमागे ही गणिते चालवली, आणि त्यातून एक चमत्कारिक भाकीत निघाले. पुंज आखूड असले आणि आरशाचे अंतर जवळजवळ अचूक असले, तर प्रकाश कधी स्थिरावणारच नाही. शेपटीला एक उपस्पंद उगवेल, वाढत वाढत पुढे सरकेल, पुंजाच्या बाहेर पडून विरेल, तोवर मागे दुसरा उगवलेला असेल. शक्ती लयीने वर-खाली होत राहील. अंतर थोडे आणखी आखूड केले की ही धडधड थांबेल आणि लांबट, शांत स्पंद मिळेल.

गणिताने सांगितले म्हणून ते होतेच असे नाही, हे लेथजवळच्या स्टॉपवॉचने आम्हांला शिकवले होते. हॉलंडमध्ये न्यूवेखाइन येथे फेलिक्स नावाचा अवरक्त लेसर १९९१ साली पेटला. पुढे ते यंत्र नायमेखनला हलले. १९९३ साली तेथल्या मंडळींनी आरसा मायक्रॉन-मायक्रॉन हलवीत प्रकाशाच्या शक्तीची नोंद घेतली, आणि ती धडधड साक्षात सापडली. गणितात होती तशी, आरशाच्या जागेप्रमाणे लय बदलणारी.

पण शक्तीची धडधड मोजणे निराळे आणि एकेका स्पंदाची लांबी मोजणे निराळे. येथे पॅरिसची ठिणगी पुन्हा उपयोगी पडली. १९६६-६७ च्या सुमारास साध्या लेसरांसाठी पद्धत निघाली ती अशी. स्पंदाचे आरशाने दोन समान भाग करायचे, एकाला किंचित लांब फेरा द्यायचा, आणि दोघांना एका स्फटिकात भेटवायचे. स्फटिक असा की दोन्ही भाग एकाच वेळी हजर असले तरच तो दुप्पट कंपनांचा नवा प्रकाश देतो. नवा प्रकाश किती निघाला ते पाहत आरसा हळूहळू सरकवायचा. आरसा पंधरा मायक्रॉन सरकला की जाणे-येणे मिळून तीस मायक्रॉन, म्हणजे दशांश पिकोसेकंद. किती सरकवल्यावर नवा प्रकाश मावळतो, त्यावरून स्पंदाची लांबी. स्पंदाहून आखूड झडप नव्हती, म्हणून स्पंदालाच झडप केले. अवरक्तात साधे स्फटिक किरण गिळून टाकतात, तेव्हा कॅडमियम टेल्युराइडसारखे पदार्थ शोधावे लागले.

या पद्धतीत एक मोठी खोट आहे. स्पंदाची तुलना त्याच्याच जुळ्याशी होते, म्हणून उत्तर नेहमी दोन्ही बाजूंना सारखे येते. डोके जाड की शेपटी जाड, हे त्यातून कळतच नाही, आणि आपल्या स्पंदाची तर सगळी कहाणीच शेपटीची! मग संगणकाकडे परत जावे लागते. गणितातल्या स्पंदाला तीच मोजणी लावायची आणि प्रत्यक्षातल्या रेघेशी ताडून पाहायची. जुळले नाही तर दोहोंपैकी कोणीतरी काहीतरी सोडले आहे. पुंजाचा आकार कल्पनेतला घेतला, आरसा थोडा थरथरला, किंवा शेकडो स्पंदांची सरासरी एकाच्या नावावर खपली. हा शोध महिनोन्महिने चालतो. सातपूरच्या त्या महिन्याची आठवण आम्हांला येथे येते, दुसरे काय.

ट्रेबिनो आणि केन यांनी १९९३ साली सुधारणा केली. नव्या प्रकाशाची नुसती मात्रा न पाहता, आरशाच्या प्रत्येक जागी त्याचे रंग पसरून पाहायचे. या पद्धतीला 'फ्रॉग' असे बेडकाचे नाव पडले आहे. १९९७ साली ती स्टॅनफर्डच्या मुक्त इलेक्ट्रॉन लेसरवर लावली गेली. स्पंदाच्या आत रंग कसे सरकतात तेही त्यात दिसते. मात्र स्फटिकाने कंपने दुप्पट करण्याच्या प्रकारात पुढचे कोणते आणि मागचे कोणते हा संशय उरतोच. तो फेलिक्सवर १९९९ साली फिटला. दुसऱ्या एका लेसरचे, याहूनही आखूड स्पंद झिंक टेल्युराइडच्या स्फटिकात अवरक्त स्पंदाबरोबर सोडले, आणि अवरक्त लहरीच्या विद्युत्क्षेत्राचा चढ-उतार एकेक लहर करून टिपला. अर्धशतकापूर्वी ज्याची कल्पनाही कोणी केली नसती, ती लहर कागदावर उमटली, डोके आणि शेपटी यांसकट.

इंदूरकडे पुन्हा येतो. श्रीनिवास कृष्णगोपाल, विनीत कुमार, के. के. पंत आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम कित्येक वर्षे रेटले. लेसर पेटला हे ठरवण्याची त्यांची पहिली कसोटीही हिशेब आणि मोजणी शेजारी ठेवण्याचीच होती. ताल न धरता इलेक्ट्रॉनांकडून किती प्रकाश यावा ते गणिताने काढले, आणि प्रत्यक्षात मिळाला तो त्याच्या लाखपटीच्या घरातला. हजारपट मिळाला असता तर अजून कुजबूज आणि घोषणा यांच्या मधली स्थिती म्हटले असते. अशा यंत्रात निर्वात नळीला केसाएवढी गळती चालत नाही, चुंबक एकेक तपासून ओळीने लावावा लागतो, आणि आरशाचे बूड मायक्रॉनात बसवावे लागते. ही कामे फिटर, टर्नर आणि वेल्डर यांच्या हातांची. निबंधांच्या माथ्यावर त्यांची नावे क्वचित येतात, हे आम्ही तक्रार म्हणून नव्हे, आमच्या सवयीप्रमाणे सांगतो.

या किरणांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. रेणूंचे हेलकावे अवरक्ताच्या तालावर चालतात. ज्या तालाचा स्पंद पाठवाल तोच हेलकावा उठतो, आणि पिकोसेकंदांत कसा विरतो ते पाहता येते. पण स्पंद किती लांब हे ठाऊक नसेल तर हेलकावा विरायला लागलेला वेळ रेणूचा की आपल्या दिव्याचा, हे सांगता येणार नाही. इंदुरात आरसा सरकवणाऱ्या माणसाला हाच प्रश्न रोज पडत असणार.

वेळ संपत आली आहे, घंटा होण्यापूर्वी थांबतो. शंका असतील त्यांनी खुशाल विचाराव्यात. गणिताच्या शंका मात्र समोर पहिल्या रांगेत बसलेल्या प्राध्यापक मंडळींकडे वळवू.